पोचली, जेवून घ्या

लग्नात कुणी माझं काम विचारलं की मी "हवामानाचं" एवढंच सांगते आणि मठ्ठ्याच्या पिंपाकडे वळते. खरं सांगायला बसलं तर अर्धा तास जातो, आणि सगळं ऐकून घेऊन समोरची बाई विचारते, "मग यंदा पाऊस कसा आहे?" ते मला माहीत नसतं. किती पडून गेला, ते मात्र मी थेंबापर्यंत सांगू शकते, पण ते कुणाला नको असतं.

अकोल्याच्या आमच्या ऑफिसनं शेताशेतांत पेट्या बसवल्या आहेत. एक लोखंडी खांब, त्यावर पांढरी पेटी, आणि पेटीत पाऊस, वारा, पानांवरचा ओलावा मोजायची सोय. शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या बागांत अशा बऱ्याच आहेत, काही दर्यापूरकडे कपाशीत आहेत. बागेवर रोग केव्हा येईल, फवारणी केव्हा करावी, याचा अंदाज त्या आकड्यांवरून बांधतात. बागेत तार जात नाही, म्हणून प्रत्येक पेटीत सिमकार्डावर चालणारा एक छोटा मोडेम आहे. जग कुठल्या कुठे गेलं असेल, आमच्या पेट्या अजून जुन्या डायल-अपच्याच रीतीनं चालतात. फोन लावायचा, लाइन जुळली की आकडे पाठवायचे आणि लाइन सोडून द्यायची. त्यानं बॅटरी वाचते.

लाइन जुळली की काय व्हावं आणि तुटली की काय व्हावं, हे ठरवणं माझं काम. त्यासाठी स्क्रिप्टा असतात, म्हणजे कॉम्प्युटरसाठी लिहून ठेवलेल्या दोन-चार ओळींच्या सूचना. जुळली की आधी घड्याळ लावून घे, मग साठलेले आकडे पाठव. तुटली की अर्धवट राहिलेलं बाजूला ठेव आणि मोडेम झोपव. या सगळ्या एका फोल्डरात ठेवायच्या, तिथं त्या नावाच्या क्रमानं आपोआप एकामागे एक चालतात. पुढची अडली की मागच्या सगळ्या रेशनच्या रांगेसारख्या ताटकळत उभ्या. आणि अडली तरी ओरडत नाही. पेटीला पडदाच नाही, तर ती सांगणार कुठे? आकडे यायचे बंद झाले की आपण समजून घ्यायचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला अशा मुक्या वस्तूंच्या गळ्यात कुणी बांधलं कोण जाणे. मी पेटीशी मोठमोठ्यानं भांडते, आणि बागवान लांब उभा राहून बघत असतो.

बाबा वलगावला एकटेच राहतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा बसचे ड्रायव्हर होते, आणि त्यांची बहुतेक नोकरी अमरावती-अकोला रस्त्यावर गेली. माझ्याकडे अकोल्याला चला म्हटलं की म्हणतात, "तुह्या दोन खोल्यात म्या काय करू? इथं विहार हाये, चार लोकं हायेत." हे खरंच आहे. संध्याकाळी विहारात वंदना झाली की त्यांच्या वयाची माणसं पायरीवर बसतात आणि गावातल्या प्रत्येक नव्या मोटरसायकलची किंमत आणि अक्कल दोन्ही काढतात. हे सुख अकोल्याच्या तिसऱ्या मजल्यावर कुठून आणायचं?

आमच्या घरात एक रीत होती. घरातलं माणूस बाहेर असलं, तर ते पोचल्याचं कळल्याशिवाय मागच्या मोठ्या माणसांनी ताट वाढून घ्यायचं नाही. मी अकोल्याला नोकरीला लागले, खोली घेतली, गॅस घेतला, तरी बाबांच्या लेखी मी रोज संध्याकाळी बाहेरच असायची. मी खोलीवर पोचून फोन केला की मग ते जेवायला बसायचे. मला ते गोड वाटायचं आणि त्याचा कंटाळाही यायचा. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

पुढे त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावून सांगितलं, गोळी पोटात गेली की लगेच जेवायचं. बाबांनी यातलं पहिलं अर्धं ऐकलं. गोळी ते ड्रायव्हरच्या शिस्तीनं ठरल्या वेळेला घेत. जेवण मात्र माझा फोन आल्यावर.

एकदा शेंदूरजनाघाटहून मी दिवसभर उन्हात खांबावर चढउतार करून परत आले. पिशवी ठेवली, पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून आडवी झाले आणि डोळा लागला. जाग आली ती वलगावच्या आमच्या शेजारच्या काकूंच्या फोननं. त्या सहज डोकावल्या तर बाबा ओट्यावर बसलेले, अंगावर घामाच्या धारा, बोलतात ते समजेना. काकूंनी मूठभर साखर तोंडात घातली म्हणून निभावलं. मग त्यांनी मला फोन लावला.

"तुहा बाप तुह्यासाठी उपाशी बसला आन तू कुठी मेली होती वं?"

मी तशीच उठून वलगावची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, "पुढच्या वेळी त्या बाई डोकावल्या नाहीत तर?" याचं उत्तर त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. नंतर कितीतरी दिवस मी ऑफिसात काम करता करता मध्येच थांबायची आणि त्या ओट्याचा विचार करायची. मला फार भीती वाटायची.

बाबांना मी हरप्रकारे सांगून पाहिलं.

"बाबा, तुमी जेवून घेत जा ना. माही वाट काहून पाहता?"

"घशाखाली उतरत नाई, पोरी."

"म्हंजे काय? पाणी पित जा संगं."

यावर ते नुसते हसायचे. बाबांशी भांडण असं कधी होतच नाही. ते ऐकून घेतात, आणि करतात तेच.

तेव्हा मला वाटलं, आपण दिवसभर दुसरं काय करतो? माझ्या खोलीवर ऑफिसनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप होता, त्याला तसलाच सिमकार्डाचा मोडेम लावलेला. खोलीवर आले की चप्पल काढायच्या आधी मी लॅपटॉप उघडायची, कारण कुठल्या पेटीचे आकडे आले आणि कुठली रुसली हे बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. म्हणजे लॅपटॉपची लाइन जुळली याचा अर्थ मी पोचले. मग लाइन जुळली की बाबांना आपोआप मेसेज जाऊ दे. फोन करायचं मी विसरेन, झोपेन, कुणाशी बोलत बसेन. स्क्रिप्ट विसरणार नाही. मेसेज मी आमच्या घरच्या बोलीतच लिहिला: पोचली. जेवून घ्या.

बाबांचा फोन बटणांचा. मेसेज आला की तो टुंग करतो. त्यांना वाचता येतं, पण चष्मा शोधण्यापेक्षा त्या आवाजावरच भागवायचं असं आमचं ठरलं.

पहिल्या दिवशी मेसेज गेलाच नाही. मी तासभर डोकं फोडलं. मग लक्षात आलं की फाइलच्या नावात मी एक टिंब दिलं होतं, आणि टिंब असलेल्या नावाची फाइल तो फोल्डर गपचूप सोडून देतो. हे मी इतरांना शिकवते. त्या दिवशी फोन करूनच बाबांना जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी मेसेज गेला, आणि जातच राहिला. संध्याकाळी आमची सगळी कॉलनी घरी येऊन फोन घेऊन बसते, तेव्हा लाइन सारखी तुटते आणि मोडेम सारखा परत लावतो. जितक्यांदा जुळली तितक्यांदा बाबांना हुकूम गेला. रात्री मी फोन केला तर आवाज जड.

"बाबा, बरं नाई काय?"

"बरं हाये. दोनदा जेवलो ना, म्हनून."

"दोनदा? काहून?"

"तूच तं सांगून राहिली, जेवून घ्या, जेवून घ्या. म्या म्हटलं, पोरगी एवढी मांगं लागली, तं घ्यावं अजून थोडं."

साखरेच्या माणसाला मी एका संध्याकाळी दोन जेवणं घातली होती. हसावं की कपाळ बडवावं कळेना, मी दोन्ही केलं. मग स्क्रिप्टला शिकवलं की फक्त संध्याकाळीच बोलायचं, आणि एकदा मेसेज गेला की तशी खूण ठेवायची. खूण दिसली तर गप्प बसायचं. ती खूण पुसायचं काम मी आधी लाइन तुटल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टला दिलं होतं. तो आणखी एक वेडेपणा, कारण लाइन तर घडोघडी तुटायची, आणि खूण पुसली की पुन्हा मेसेज. शेवटी खूण सकाळी पुसायची असं केलं आणि सगळं सुरळीत झालं.

ते महिने फार चांगले गेले. बाबांची साखर ताळ्यावर आली. डॉक्टर खूश, काकू खूश. विहाराच्या पायरीवर तो टुंग आवाज सगळ्यांच्या ओळखीचा झाला. आवाज आला की बाबांच्या आधी दुसराच कुणी म्हणायचा, "पोचली वाटते," आणि बाबा उठून घरी जायचे, जेवायचे, लवकर झोपायचे. मला त्या चार ओळींचा जितका अभिमान वाटला, तितका ऑफिसच्या कुठल्याच कामाचा वाटला नाही. इतकी वर्षं मी संत्र्यांची काळजी घेत होते, आता बापाची घेता आली.

फोनवरचं बोलणं मात्र कमी झालं. पूर्वी पोचल्याचा फोन करायची तेव्हा त्यातच चार गोष्टी निघायच्या. आता ते आधीच जेवून झोपलेले असायचे. मी ते फार मनावर घेतलं नाही.

मग जोडून सुट्ट्या आल्या आणि मी वलगावला गेले. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी वांगी चिरत होते, बाबा दाराजवळ खुर्ची टाकून लसूण सोलत होते. काय काय बोलत होतो, आठवत नाही. आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. टुंग.

सवयीनं बाबा उठले. लसूण बाजूला ठेवला, हात धुतले आणि मांडणीवरून ताट घेतलं. ताट हातात घेऊन ते माझ्याकडे बघत थांबले. मग चष्मा शोधला, फोन लांब धरून मेसेज वाचला, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"कोन पोचली?"

मी विळीवरच बसलेली. आधी मला जोरात हसू आलं. मी म्हटलं, बाबा, खोलीवरचा लॅपटॉप चालू राहिला असेल. लाइन तुटली असेल, परत जुळली असेल, त्यानं टाकला मेसेज.

"म्हंजे तू घरी नसली तरी तो टाकते?"

"हो. त्याले काय माहीत मी आहे का नाई? त्याले फक्त लाइन कळते."

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मंग तू शेंदूरजन्याले जातेस, त्या दिवशी कोन पोचून राहिलं होतं?"

माझं हसू तिथंच थांबलं. अलीकडे मी दौऱ्यावर जाताना लॅपटॉप चालूच ठेवून जायची, कारण पेट्यांचे आकडे दिवसभर येत राहिलेले बरे. आणि मोडेम संध्याकाळी लाइन तोडून परत लावायचाच. म्हणजे मी मोर्शीच्या स्टँडवर बसची वाट बघत उभी असताना, बडनेऱ्याला अडकलेली असताना, बाबांच्या खिशात मी घरी पोचलेली होते. लाइन जुळणं आणि माणूस पोचणं ही एकच गोष्ट आहे असं मी धरून चालले होते. लाइन जुळली म्हणजे सगळं आलं असं नव्हे, हे रोज पेट्यांना समजावते, ते मलाच समजलं नव्हतं.

पण चूक दाखवून दिली की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "बरं, चुकली मशीन. पण तुमी टायमावर जेवले ना? साखर बरी हाये ना? मंग झालं तं काय बिघडलं?"

"तू रस्त्यात, आन म्या झोपून जाओ," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते नुसतंच सांगत होते. "कुरणखेडजवळचं वळण तुले माहीत नाई. म्या तिथं काय काय पाह्यलं ते तुले कधी सांगतलं नाई. तू त्या वळणावर, आन म्या घोरून राहिलो होतो."

"तुमी जागे राहून काय होनार आहे? बस काय तुमी चालवता?"

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. बाबांनी ताट मांडणीवर परत ठेवलं आणि खुर्चीत बसले.

"तुही माय," ते म्हणाले, "माह्या साऱ्या नोकरीत एकबी दिवस माह्याआधी जेवली नाई. गाडी लेट होये, पंचर होये, डब्बल ड्युटी लागे. ती बसून राहे. तुले जेवू घाले आन स्वता ताट झाकून बसे. म्या तिच्यावर लय रागावो. म्हनो, खाऊन घेत जाय ना, काहून उपाशी मरतेस? ती म्हने, घशाखाली उतरत नाई. मले काई ते समजे नाई तवा." थोडं थांबून ते म्हणाले, "आता म्या बसतो. माही पाळी हाये."

मी वांगं हातात धरून तशीच बसले. आई ताट झाकून बसायची हे मला आठवत होतं. मी जेवून उठायची तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली असायची, पण मुलांना असल्या गोष्टी दिसतात आणि कळत नाहीत. मी त्याला घराची रीत समजत आले होते. आणि बाबा रोज संध्याकाळी बसून काय करत होते हे समजून न घेता मी ते बिघाड दुरुस्त करावा तसं दुरुस्त करून टाकलं होतं. मला रडू आलं. कांदा चिरायचा राहिला होता, तो घेतला, म्हणजे कारण विचारलं जाणार नव्हतं.

बऱ्याच वेळानं बाबांनीच विषय काढला. "पोचल्याचं राहू दे. तू निघाली का तुही मशीन सांगू शकते काय? निघाल्याचं कळलं तं मानूस अंदाजानं बसते."

मी म्हटलं, लाइन तुटल्यावर चालणारी स्क्रिप्ट असते, बाबा. तुटली की ती चालते, तिला कळतं. पण तेव्हा सांगायला लाइनच उरलेली नसते.

"म्हंजे जाताना सांगता येत नाई."

"नाई."

"हं," बाबा म्हणाले, आणि राहिलेला लसूण सोलायला घेतला.

अकोल्याला आल्यावर मी त्या फोल्डरातून ती फाइल काढून टाकली. आता बाबा पुन्हा माझ्या फोनची वाट बघणार होते आणि त्यांना थांबवायचा अधिकार मला आहे असं वाटेनासं झालं होतं. पण साखरेला आईची गोष्ट कोण सांगणार? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, गोळी आधी घेऊ नका, ताट समोर आल्यावरच घ्या, आणि जेवायची वेळ तरीही फार पुढेमागे करू नका. बाबांनी "बरं" म्हटलं. त्यांचं "बरं" मला चांगलं माहीत आहे. मी जमेल तितकी लवकर खोलीवर पोचू लागले, ऑफिसातून पळत निघायची, पोचले की आधी फोन. दौऱ्याच्या दिवशी मात्र माझ्या हातात काही नसायचं.

असाच एक दौऱ्याचा दिवस. शेंदूरजनाघाटच्या एका बागेतल्या पेटीचा मोडेम बदलून मी परत निघाले. अमरावतीला बस बदलली, अकोल्याची मिळाली, खिडकीही मिळाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली दिसली. पुढे कापसाचा ट्रक उलटला होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, लोक खाली उतरले. दिवस मावळला. बाबांची जेवायची वेळ झाली होती. मी फोन लावला.

"कुठी हायेस?"

"मूर्तिजापूरच्या अलीकडं. ट्रक उलटला कापसाचा. टाइम लागन."

"कोन्या बाजूले उलटला?"

"बाबा, ते जाऊ द्या. तुमी जेवून घ्या."

"घेतो ना."

"ताट घेतलं?"

"घेतो."

मागे ताटाचा आवाज नव्हता, जेवताना ते लावतात तो रेडिओही नव्हता. ते ओट्यावर बसले होते, मला दिसत होतं.

"गोयी नाई ना घेतली?"

बाबा उगाच खाकरले.

"बाबा!"

"हात गेला सवयीनं. घेतली."

काकू लेकीकडे गेल्या होत्या हे मला माहीत होतं. मी रागावले. भर बसमध्ये, मोठ्यानं, पेटीवर ओरडते तशी. तुम्हाला काही झालं तर मी इथून काय करू, असं सगळं. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. बाबा ऐकून घेत होते. "जेवतो, जेवतो" म्हणत होते, आणि उठत नव्हते. पोरगी रस्त्यात अडकलेली असताना त्यांच्या हातून घास तोंडाकडे जाणार नव्हता. हे मला आता कळत होतं, म्हणून ओरडणं आपोआप थांबलं.

बागेतल्या बाईनं निघताना मला भाकर बांधून दिली होती. मी फडकं मांडीवर सोडलं.

"बाबा, मी आता जेवून राहिली."

"बसमंदी?"

"हो. भाकर काढली मांडीवर. पण तुमी घास घेतल्याशिवाय मी घेत नाई. मलेबी भूक लागली हाये. सकाळपासून काही खाल्लं नाई."

"तू खाय ना."

"घशाखाली उतरत नाई," मी म्हटलं.

हे मी त्यांना चिडवायला म्हटलं नव्हतं. खरंच उतरलं नसतं.

पलीकडे ओट्यावर चपला घासल्या. पावलं आत गेली. मांडणीवरचं ताट निघालं, झाकण उघडलं, डाव खणकन लागला. एवढ्याशा आवाजांनी मला कधी इतका आनंद दिला नव्हता.

"काय हाये तुह्याजोळ?" बाबांनी विचारलं.

"भाकर, आन हिरव्या मिरचीचा ठेचा. तुमच्याजोळ?"

"आलू-वांगं. घेतला घास. आता तू घे."

मी घेतला. फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून धरला होता, मान अवघडली होती. आम्ही फारसं बोललो नाही. त्यांचं चावणं मला ऐकू येत होतं, आणि माझं त्यांना. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "कोन हाये वं?" मी म्हटलं, बाबा. तिनं आपल्या पिशवीतून कांदा काढला, मुठीनं फोडला आणि अर्धा माझ्या भाकरीवर ठेवला. "त्याईले म्हना, सावकाश जेवा," ती म्हणाली. मी सांगितलं. बाबा "हो म्हना" म्हणाले.

बाहेर अंधार पडला होता, रांग हललेली नव्हती. बाबांचं चावणं थांबलं. मला वाटलं, झालं त्यांचं.

"तवा असा फोन असता तं," ते म्हणाले.

"तं काय, बाबा?"

"तं म्या डेपोतूनच लावला असता. डब्बा उघडून म्हटलं असतं, घे वं, म्या जेवून राहिलो, तूबी घे. एवढी वर्सं उपाशी नसती राह्यली ती."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. माझं चावणं थांबलं होतं, आणि फोनवर ते लपत नव्हतं. बाबांना कळलं.

"काहून थांबली?" ते म्हणाले. "खाय पोरी. तुहं होयेपर्यंत म्या ताटावरून उठत नाई."